समुद्राच्या मोर्चाची पूर्वसूचना

लोकशाहीत प्रत्येक माणसाला तोंड दिलेलं आहे आणि ते उघडण्याचा हक्कही दिलेला आहे. फक्त ते कुठे, केव्हा, किती जणांनी आणि किती मोठं उघडायचं, हे तीन दिवस आधी लेखी कळवायचं असतं. यात जाचक असं काही नाही. दाढदुखीवाला माणूससुद्धा वेळ घेऊनच तोंड उघडतो.

करांगलौत जिल्ह्यात ही सूचना घेण्याचं काम पाक मुर्सिदी यांच्याकडे होतं. (तिकडे मोठ्या माणसाला आदराने 'पाक' म्हणतात, बाईला 'बु'.) इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरची जिल्हा कचेरी, तळमजला, खिडकी क्रमांक चार. एकोणीस वर्षं ते त्या खिडकीमागे बसले. या काळात एकूण दोनशे बारा सूचना आल्या, त्यांतल्या दोनशे नऊ त्रुटींसह परत गेल्या आणि तीन स्वीकारल्या गेल्या. (एक शिक्षकांची मिरवणूक, एक साबण कंपनीची सायकलफेरी, आणि एक लग्नाची वरात. वरातवाले पाच नंबरच्या खिडकीऐवजी चुकून इथे आले होते, पण कागद इतके चोख निघाले की परत पाठवायला जीव होईना.) एकोणीस वर्षांत तीनच मोर्चे निघाले, म्हणजे लोकांची तक्रार नाही, हे उघड होतं. त्यामुळे 'प्रांतातला सर्वांत समाधानी जिल्हा' हे पारितोषिक करांगलौतला सलग चार वर्षं मिळालं.

कुणाला वाटेल, हा माणूस खडूस असणार. छे! त्यांच्याइतका प्रेमळ कारकून साऱ्या किनाऱ्यावर सापडला नसता. त्रुटी दाखवताना ते आधी गोड चहा मागवत. अर्जदार वयस्क असला तर खुर्ची देत, बाई असली तर पंख्याचं तोंड तिच्याकडे वळवत, आणि मग अशा हळुवार आवाजात नकार देत की माणूस आभार मानूनच बाहेर पडे. त्यांची एका गोष्टीवर मात्र अढळ श्रद्धा होती. ज्या दिवशी एकही त्रुटी नसलेली सूचना येईल, त्या दिवशी आपण ती स्वीकारू आणि मग प्रत्यक्ष बुपाती आडवे आले तरी शिक्का मारू. (बुपाती म्हणजे निवडून आलेले जिल्हाप्रमुख. त्या वर्षी ते सहाशे अठरा मतांनी निवडून आले होते, आणि ती सगळी मतं कचेरीच्या आजूबाजूच्या चार गल्ल्यांतली होती.) तशी सूचना अजून आलेली नव्हती, एवढंच.

आली ती नवांगसिह.

वय वीस, पायात रबरी चपला, पाठीवर पिशवी, पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद. राहणार मोरोतिर्ता. या गावाबद्दल थोडं सांगायला हवं. मोरोतिर्ता हे जिल्ह्यातलं सर्वांत विनम्र गाव. तिथे घरात शिरताना प्रत्येक माणूस कमरेत वाकतो. दर दोन-तीन वर्षांनी समुद्र आणखी वर चढतो, लोक घरातली जमीन भर घालून उंच करतात, छप्पर मात्र जागच्या जागी राहतं, त्यामुळे ही नम्रता अंगी बाणते. शाळेचा वरचा मजला कोरडा आहे. तिथे पहिली ते सहावीचे वर्ग पाळीपाळीने एकाच खोलीत भरतात, म्हणून पहिलीच्या मुलांना सहावीचा भूगोल पाठ असतो. कबरस्तान फक्त ओहोटीला दिसतं.

प्रशासन यावर हातावर हात ठेवून बसलं होतं असं कुणी म्हणू नये. जिल्ह्याचा नवा जमीनवापर आराखडा तयार झाला होता आणि त्यातलं सहावं कलम खास या प्रश्नासाठीच होतं: 'मोठ्या भरतीच्या दिवशी ज्या जागेवर समुद्राचं पाणी सलग दोन तास उभं राहतं, ती जागा समुद्र समजण्यात यावी.' एका वाक्यात सगळं सुटणार होतं. समुद्रात पूर येत नसतो, तेव्हा पूरग्रस्त गावांची संख्या एकावरून शून्यावर येणार होती. समुद्रात राहणाऱ्याला घरक्रमांक नसतो, तेव्हा तीनशे बारा कुटुंबं मतदारयादीतून आपोआप निघणार होती आणि यादी सुटसुटीत होणार होती. शिवाय शेजारच्या कोळशाच्या वीजकेंद्राला आपला कोळसा उतरवण्याचा धक्का लांबवायचा होता. (हे केंद्र समुद्राला वर चढायला आपल्या परीने बरीच वर्षं हातभार लावत होतं.) समोर गावच नाही म्हटल्यावर त्यांना कुणाला विचारण्याची गरज उरणार नव्हती.

तरुणांचं मत विचारात घेतलं नाही, हा आरोपही खोटा आहे. बारा 'आदर्श युवा दूत' निवडले गेले होते: दात सरळ, उंची पाच फूट चारच्या वर, बाटिकचा शर्ट स्वतःचा. किनाऱ्यापासून चाळीस किलोमीटर दूर, डोंगरातल्या हॉटेलात त्यांची परिषद भरली. त्यांनी हवामानाबद्दल चिंता व्यक्त केली, केळीच्या पानातला भात खाल्ला, आणि पाण्याबद्दल एकमताने एकच तक्रार नोंदवली: हॉटेलातलं गार आहे.

मोरोतिर्त्यातली पोरं दात आणि उंचीच्या अटीत बसली नाहीत, म्हणून त्यांना मोर्चा काढायचा होता. आराखडा चौदा तारखेला जिल्हा परिषदेत मंजूर व्हायचा होता.

पहिल्या वेळी नवांगसिह आली तेव्हा पाक मुर्सिदींनी चहा मागवला आणि पत्त्यावर बोट ठेवलं.

"मेलाती गल्ली, घर चौदा. पोरी, ही गल्ली आमच्या नकाशात सापडत नाही गं."

"पाण्याखाली आहे, पाक. ओहोटीला दिसते."

"मग ओहोटीला अर्ज कर."

तिने ओहोटीला गल्लीचा फोटो काढला, त्यावर तारीख-वेळ घातली आणि ती दुसऱ्यांदा आली. या वेळी विषयाच्या रकान्यात गाडी अडली. तिने लिहिलं होतं, 'हवामानाचा न्याय आणि गावाचा मताधिकार'. छापील पर्याय चारच होते: मजुरी, जमीन, खत, धार्मिक.

"न्याय हवा असेल तर कोर्टात जावं," पाक मुर्सिदी अगदी मनापासून म्हणाले, "हवामान हवं असेल तर वेधशाळेत. दोन्ही एकत्र मिळतील अशी खिडकी सरकारने अजून काढलेली नाही, बाळ."

तिने 'जमीन' वर खूण केली आणि ती तिसऱ्यांदा आली. आता प्रश्न जागेचा होता. महत्त्वाच्या स्थळांपासून शंभर मीटरच्या आत व्यक्तींनी जमू नये, असा नियम. पाक मुर्सिदींनी शहराचा नकाशा पसरला, कंपास घेतला आणि वर्तुळं काढायला सुरुवात केली: कचेरी, पोलीस ठाणं, बँक, इस्पितळ, बाजार, बसथांबा, वीजकेंद्र, आणि मागल्या वर्षापासून चौकातला कोळंबीचा तीस फुटी पुतळा. वर्तुळं एकमेकांत शिरली, नकाशा फुलांच्या रांगोळीसारखा दिसू लागला आणि शेवटी शहरात एक तिकोनी तुकडा मोकळा उरला. ते एका माणसाचं बदकांचं तळं होतं. खोली कमरेइतकी.

"चालेल आम्हाला," नवांगसिह म्हणाली. "पाण्यात उभं राहायची सवय आहे."

पण मालकाची संमती लागते. मालक म्हणाला, घोषणांनी बदकं बिथरतात आणि अंडी घालत नाहीत. सबब, त्रुटी.

चौथ्यांदा ती गुफ्रोनला घेऊन आली. हा तिच्याच गावचा, तंत्रनिकेतनात शिकणारा, उंच, आणि जन्मापासून छपराला डोकं आपटल्यामुळे थोडा तापट. नियमाप्रमाणे दर शंभर सहभागींमागे एक स्वयंसेवक हवा, त्याच्या दंडावर पांढरी फीत हवी, आणि स्वयंसेवकाने घोषणा देता कामा नये. गुफ्रोन हा तो स्वयंसेवक होता. दुर्दैवाने खिडकीकडे येताना व्हरांड्यात तो काही बोलला, ते शिपायाने ऐकलं, आणि त्यात 'लोकशाही' हा शब्द होता.

"ही घोषणा झाली," पाक मुर्सिदी खिन्नपणे म्हणाले.

"पाक, मी हिला विचारत होतो की लोकशाहीची खिडकी कुठली!"

"तरीपण स्वर उंच होता, बाळा."

नवांगसिहने कागद आवरले. मग ती कागदांकडे बघतच म्हणाली, "पाक, माझे वडील कबरस्तानात आहेत. ओहोटीला आई जाते, शेवाळ काढते, फुलं ठेवते, भरतीच्या आत परत येते. चौदा तारखेला ती जागा समुद्र झाली, तर समुद्रात कबर नसते. मग त्यांचा पत्ता काय लिहायचा?"

पाक मुर्सिदींना एकोणीस वर्षांत कुणी मृताच्या पत्त्याबद्दल विचारलं नव्हतं. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं, मिटलं, आणि पंख्याचं तोंड तिच्याकडे वळवलं. याहून जास्त काही त्यांच्या अधिकारात नव्हतं. त्या दुपारी मात्र त्यांनी जेवणाचं ताट तसंच परत पाठवलं.

बाहेर पायऱ्यांवर गुफ्रोन उखडला होता. "आपल्याला चार वेळा परत पाठवतात! आणि समुद्राला विचारतात का, बाबा रे, तीन दिवस आधी कळवलंस का? गेल्या पुनवेला बाजारात शिरला, चौकात शिरला, या पायऱ्या चढून थेट आत गेला. फीत नाही, फॉर्म नाही. त्याला कुणी..."

"थांब," नवांगसिह म्हणाली. मग हसू दाबत परत आत गेली. "पाक, आणखी एक कोरा फॉर्म मिळेल?"

"घे की. कागद जनतेचाच आहे."

नऊ तारखेला सकाळी पाचवी सूचना आली. पाक मुर्सिदींनी सवयीने लाल पेन उघडलं आणि पहिल्या रकान्यापासून वाचायला सुरुवात केली.

सहभागी: समुद्राचं पाणी.
संख्या: एक लाख शेहेचाळीस हजार घनमीटर. (मत्स्यविभागाचा दाखला सोबत.)
दिनांक व वेळ: चौदा तारीख, सकाळी नऊ दहा ते दुपारी एक चाळीस. (नौदलाच्या छापील भरती-ओहोटी तक्त्याचं पान जोडलं आहे.)
मार्ग: मोरोतिर्ता, नदी, कालवा, बाजार, कोळंबी चौक, जिल्हा कचेरी.
घोषणा: नाहीत. ध्वनिक्षेपक: नाही. झेंडे: नाहीत.
सहभागींमध्ये अठरा वर्षांखालील कुणी आहे काय: नाही. सर्व सहभागी बरेच वयस्क आहेत.
जबाबदार व्यक्ती: नवांगसिह. ओळखपत्राची प्रत सोबत.

लाल पेन हवेतच राहिलं. त्यांनी पुन्हा वाचलं. शंभर मीटरची अट? नियमात 'व्यक्ती' म्हटलं होतं. सहभागी वेळेवर पांगतील याची हमी? आजवर दोनशे बारा अर्जदारांनी 'पांगू' असं तोंडी सांगितलं होतं; इथे नौदलाची सही होती. त्यांचे कान तापले. कागद घेऊन ते मागच्या अंगणात गेले, जिथे त्यांची बायको, बु वारसिती, कचेरीतल्या लोकांसाठी तेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीची, भजी तळत असे.

"वारसिती, यात त्रुटी नाही."

"काय नाही?"

"त्रुटी. तीनदा वाचलं."

बु वारसितीने झारा कढईत ठेवला. "एकोणीस वर्षं माझ्या प्रत्येक वाक्यात चूक काढलीत. मी मीठ द्या म्हटलं तरी मीठ किती, कोणत्या भांड्यात विचारता. आणि आता या एका कागदात सापडत नाही?"

"नाही गं."

"मग मारा शिक्का! हाताला लकवा भरलाय का? आणि ही भजी खा, दोन दिवस उपाशी आहात."

त्यांनी भजी खाल्ली, हात धुतले आणि शिक्का मारला. शिक्क्याचा आवाज पाच नंबरच्या खिडकीपर्यंत गेला. इतक्या आनंदाने तो आधी फक्त त्या वरातीसाठी वाजला होता.

तासाभरात जिल्हा सचिव पाक हेंद्रात्मो खाली आले. सचिव हे शांत गृहस्थ होते. ते फक्त कपाळावरच्या शिरेने ओरडत.

"समुद्राला परवानगी दिलीत?"

"परवानगी नाही, साहेब. सूचना स्वीकारली. कागद पुरे होते."

"नाकारा."

"कोणत्या त्रुटीवर?"

पाच अधिकारी तीन तास त्रुटी शोधत बसले. सहभागी जिल्ह्याबाहेरचे आहेत, असं एक जण म्हणाला. पण जिल्ह्याच्याच पर्यटनपत्रकावर 'या, आमचा समुद्र पाहा' असं छापलेलं होतं. वेळ बदलावी, असं दुसरा म्हणाला. पण मग नौदलाला पत्र लिहून भरती पुढे ढकलायला सांगावं लागलं असतं, आणि त्या पत्रावर सही करायला कुणी तयार होईना. शेवटी सचिव म्हणाले, नाकारूनच टाका, कारण मागाहून बघू. तेव्हा पोलीसप्रमुख, जे इतका वेळ भजी खात होते, ताडकन उभे राहिले.

"नाकारलंत आणि चौदा तारखेला पाणी आलंच, तर तो बेकायदा जमाव होतो. बेकायदा जमाव पांगवायचा कुणी? मी! आणि नाही पांगला तर बदली कुणाची? माझी! ते काही नाही. स्वीकारलेलं राहू द्या. पोरीने कळवलंय ना रीतसर? समुद्रापेक्षा पोरगी समजूतदार आहे."

सूचना कायम झाली, आणि मग नियमांचं चाक आपोआप फिरू लागलं. दर शंभर सहभागींमागे एक स्वयंसेवक. एक लाख शेहेचाळीस हजार भागिले शंभर: एक हजार चारशे साठ. पाक मुर्सिदींनी हा हिशोब स्वतः तीनदा केला आणि नवांगसिहला खिडकीत बोलावलं.

"पोरी, मोठी अडचण आहे. तुला चौदाशे साठ स्वयंसेवक आणावे लागतील. एकही कमी चालणार नाही."

"म्हणजे पाक, आम्ही साठ माणसं मोर्चाला येऊ शकत नव्हतो..."

"नव्हता."

"...आणि आता चौदाशे साठ आलोच पाहिजे?"

"नियम आहे, बाळ," पाक मुर्सिदी म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांना नियमाचं तोंड हसरं आहे असं वाटलं.

गावात चालू शकणारी माणसं नऊशे दहा भरली. उरलेले साडेपाचशे गुफ्रोनने दोन दिवसांत तंत्रनिकेतनातून, नर्सिंगच्या शाळेतून आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या बुडत्या गावांतून गोळा केले. मोरोतिर्त्यातल्या पांढऱ्या चादरी कमी पडल्या, म्हणून फिती कापायला मशिदीचा जुना पडदाही निघाला.

चौदा तारखेला सकाळी नऊ दहाला मोर्चा निघाला. एक मिनिट उशीर नाही. (करांगलौतच्या इतिहासात वेळेवर सुरू झालेला हा पहिलाच सार्वजनिक कार्यक्रम.) पुढे पोलिसांची जीप, मागे समुद्र, दोन्ही बाजूंना गुडघ्यापर्यंत कपडे वर घेतलेले चौदाशे साठ स्वयंसेवक. घोषणा द्यायची बंदी होती, म्हणून सगळे चिडीचूप. पण कालव्याच्या पुलापाशी जीप बंद पडली आणि सहभागींनी तिला संथपणे मागे टाकलं, तेव्हा एका म्हातारीला हसू फुटलं. ते तिच्या शेजारणीला लागलं. नियमावलीत हसण्याबद्दल काही नव्हतं. बाजारापर्यंत दोन्ही रांगा पोट धरून हसत चालल्या होत्या, भाजीवाल्या टोपल्या डोक्यावर घेऊन हसत होत्या, आणि ढाल घेतलेले चाळीस पोलीस, जे मोर्चाला संरक्षण देत होते की मोर्चापासून, हे त्यांनाही सांगितलेलं नव्हतं, ते ढालींवर लहान मुलांना बसवून ओढत होते. कोळंबी चौकात वाहतुकीचा लाल दिवा लागला. सहभागी थांबले नाहीत, पण दिवाच विझला, त्यामुळे गुन्हा नोंदवता आला नाही.

तळ्यापाशी मात्र घोळ झाला. कुंपणावरून पाणी आत गेलं आणि दोनशेच्या आसपास बदकं मोर्चात सामील झाली. नवांगसिह धावतच पाक मुर्सिदींकडे आली. ते विजार दुमडून, फळीला कागद लावून, मार्गाची तपासणी करत उभे होते.

"पाक, हे आमच्यातले नाहीत! आत्ता घुसले!"

"घाबरू नकोस. पुरवणी सूचना करून टाकू. घोषणा देतायत का?"

"देतायत ना!"

पाक मुर्सिदींनी क्षणभर कान देऊन ऐकलं. "आशय स्पष्ट होत नाही," असं त्यांनी लिहिलं आणि सही केली. लिहिताना त्यांचे खांदे हलत होते.

साडेदहाला पाणी कचेरीच्या पायऱ्या चढलं आणि परिषदेच्या सभागृहात गेलं. अकराला सभा सुरू झाली. पंचेचाळीस सदस्य पाय खुर्चीवर घेऊन बसले. सचिवांचं म्हणणं, एकपर्यंत आराखडा मंजूर करून मोकळं व्हावं. पण मोर्चा रीतसर होता, आणि रीतसर मोर्चाच्या पाच जणांच्या शिष्टमंडळाला बुपातींनी भेटलंच पाहिजे. बारा वाजून दहा मिनिटांनी शिष्टमंडळ आत आलं: पाच बादल्या, दोन निळ्या, तीन हिरव्या. स्वयंसेवकांनी त्या मंचासमोरच्या टेबलावर ओळीने ठेवल्या.

बुपाती पांढऱ्या गणवेशात होते. त्यांनी सचिवांकडे पाहिलं, सचिवांनी नियमाकडे पाहिलं, आणि बुपाती बादल्यांना म्हणाले, "आपली मागणी काय?"

इतिवृत्तात नोंद आहे: 'शिष्टमंडळ गप्प. तिसऱ्या सदस्यातून एक खेकडा बाहेर पडून उजवीकडच्या बाकांकडे गेला. उजवीकडचे बाक डावीकडे गेले.'

मग जबाबदार व्यक्ती म्हणून नवांगसिह पुढे झाली. "निवेदन एका ओळीचं आहे. तुमचं सहावं कलम आम्हाला मान्य आहे. फक्त ते सगळ्यांना सारखं लावा."

सभागृहाला अर्थ लागेना. नियमानुसार निवेदन मोठ्याने वाचून समजावणं हे खिडकी क्रमांक चारचं काम होतं. पाक मुर्सिदी चिखलाच्या पायांनी मंचावर गेले, आराखडा उघडला आणि नेहमीच्या त्या हळुवार आवाजात वाचलं: "'...ज्या जागेवर समुद्राचं पाणी सलग दोन तास उभं राहतं, ती जागा समुद्र समजण्यात यावी.' या सभागृहात पाणी साडेदहाला आलं. आता बारा सव्वीस झालेत. म्हणजे कलम मंजूर झालं, तर अजून चार मिनिटांनी आपण सगळे समुद्रात आहोत."

"मग काय झालं?" बुपाती म्हणाले.

"काही नाही, साहेब. समुद्रात जिल्हा परिषद भरत नाही, तेव्हा सभा रद्द. आजूबाजूच्या चार गल्ल्याही पाण्यातच आहेत, तेव्हा तिथले मतदार यादीतून जातील."

"चार गल्ल्या?"

"चारही."

बुपातींनी मनातल्या मनात सहाशे अठरातून काहीतरी वजा केलं. चेहरा उतरत गेला.

"आणि आपण," पाक मुर्सिदींनी हलकेच पान उलटलं, "कागदोपत्री विनापरवाना नौकेचे तांडेल ठरता. पण त्याचा दंड किरकोळ आहे."

त्यानंतरची तीन मिनिटं करांगलौतच्या लोकशाहीतली सर्वांत गतिमान मिनिटं होती. सूचक, अनुमोदक, चर्चा, मतदान. पंचेचाळीस हात वर झाले. (पाय आधीपासून वर होतेच.) बारा एकोणतीसला सहावं कलम एकमताने वगळण्यात आलं. मोरोतिर्ता जमीनच राहिलं. तीनशे बारा कुटुंबं यादीत राहिली.

बाहेर ही बातमी गेली तेव्हा चौदाशे साठ स्वयंसेवकांनी अखेर नियम मोडला. कुणी कुणावर पाणी उडवायला सुरुवात केली कळलं नाही. पोलीसप्रमुखांची टोपी बदकांमागे वाहत गेली आणि ते स्वतः तिच्यामागे हसत धावले. नवांगसिह पायऱ्यांवर बसली. आधी हसली, मग हसता हसता तोंडावर ओढणी घेऊन रडली. पाक मुर्सिदींनी इकडेतिकडे पाहिलं. पंखा नव्हता. म्हणून हातातल्या फळीनेच ते तिला वारा घालत उभे राहिले.

एक चाळीसला सहभागी पांगले. सांगितल्या वेळी, सांगितल्या मार्गाने.

यथावकाश शासनाने सर्वांची दखल घेतली. लोकांच्या सोयीसाठी खिडकी क्रमांक चार मोरोतिर्त्यात, शाळेच्या वरच्या मजल्यावर हलवण्यात आली, पाक मुर्सिदींसकट. (याला शिक्षेची बदली म्हणायचं नाही, असं बदलीच्या आदेशातच लिहिलं होतं.) तिथे पहिल्याच महिन्यात त्यांनी सतरा सूचना स्वीकारल्या, आणि पहिलीची मुलं आता सहावीच्या भूगोलाबरोबर फॉर्म भरायलाही शिकली आहेत. फॉर्ममध्ये नवा रकाना आला: 'सहभागी मनुष्य आहे काय?' नवांगसिहला चौकशीला सात वेळा बोलावण्यात आलं. मोर्चाने मागे चिखल ठेवला, एवढाच ठपका सापडला. मग तिला 'आदर्श युवा दूत' जाहीर करून रेशमी पट्टा पाठवण्यात आला. त्या पट्ट्याने तिच्या आईने तिवराची चार रोपं बांबूला बांधली. रेशीम खाऱ्या पाण्यात टिकतं, असं ती सांगते. वीजकेंद्राचा धक्का अजून कागदावर जिवंत आहे. पाणीही दर पंधरवड्याला येतं, अलीकडे कळवतसुद्धा नाही.

या साऱ्याचं जनतेने मनापासून कौतुक केलं. इतकं की कचेरीच्या दाराशी एक अभिनंदनवही ठेवावी लागली. आठवड्यात एकेचाळीस हजार लोकांनी त्यात लिहिलं, आणि चाळीस हजार सहाशे जणांचं वाक्य एकच होतं: 'ही तरुण पिढीच आपली आशा आहे.' पुढच्याच महिन्यात धक्क्याबद्दल जनसुनावणी झाली, त्याला पोरं सोडून नऊ जण आले. दोघांना संडास कुठे ते विचारायचं होतं.

वही अजून भरलेली नाही. आपण इथवर हसत वाचलंत, मध्ये एकदोनदा 'शाब्बास पोरी' असंही मनात म्हणालात, तेव्हा आपलं नाव घालायला काहीच हरकत नसावी. नाव, वय, तरुणांविषयी दोन चांगले शब्द. शेवटचा रकाना आहे, 'राहत्या घराची समुद्रसपाटीपासून उंची'. तो तेवढा पेन्सिलीने भरावा.